स्पॅनिश लाल वाईन चाखताना आधी द्राक्ष ओळखा, मग लाकूड

स्पेनमधल्या रिओहा प्रदेशाची एक ‘रेसेर्वा’ (म्हणजे लाकडी पिंपात मुरवलेली वाईन) आणायची, मे महिन्यात कपाटातून काढून तशीच उघडायची, सोबत तिखट शेव ठेवायची आणि दुसऱ्या घोटाला निकाल द्यायचा : "व्हॅनिलाचा वास येतोय, घसा जरा जळतोय, म्हणजे तेम्प्रानियो द्राक्ष असं असतं." हा प्रसंग मी इतक्या घरांत पाहिला आहे की आता तो थांबवायला लेखच लिहायला घेतला. व्हॅनिला पिंपाची होती, जळजळ खोलीतल्या उकाड्याची आणि उरलेला तिखटपणा शेवेचा. द्राक्ष बिचारं या तिघांच्या खाली दबलेलं होतं.

एका संध्याकाळी, चार ते सहा जणांत, सहा बाटल्यांमधून स्पेनची मुख्य लाल द्राक्षं जिभेने ओळखता यावीत, एवढाच इथे हेतू आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. बहुतेकांचं चुकतं ते चाखण्यात कमी आणि चाखण्याआधी जास्त.

टप्पा १ : बाटल्या निवडणे

स्पॅनिश लेबलवर प्रदेशाचं नाव ठळक असतं. द्राक्षाचं नाव कोपऱ्यात, मागच्या बाजूला, किंवा नसतंच. म्हणून कोणत्या प्रदेशात कोणतं द्राक्ष हे दुकानात जाण्याआधी माहीत हवं. आपली यादी अशी :

१. मेन्सिया : बिएर्सो किंवा रिबेइरा साक्रा (वायव्य स्पेन)
२. गार्नाचा : काम्पो दे बोर्हा किंवा कालातायुद (आरागोन)
३. तेम्प्रानियो : रिओहा किंवा ला मांचा, पिंपात न ठेवलेली
४. बोबाल : उतिएल-रेकेना (वालेन्सियाच्या पश्चिमेला)
५. मोनास्त्रेल : हुमिया किंवा येक्ला (आग्नेय स्पेन)
६. पुन्हा तेम्प्रानियो : रिओहाचीच, पण या वेळी पिंपात मुरवलेली, म्हणजे ‘क्रियान्सा’ किंवा ‘रेसेर्वा’

पहिल्या पाच बाटल्या शक्य तितक्या तरुण घ्या. लेबलवर ‘होवेन’ (तरुण) शब्द शोधा. ‘रोब्ले’ म्हणजे ओक, ज्याच्या लाकडाची पिंपं करतात ते झाड, आणि ‘बारिका’ म्हणजे पिंप. हे शब्द दिसले तर त्या पाचांसाठी ती बाटली नको. ‘होवेन’ लिहिलेल्या काही वाईनसुद्धा दोन-चार महिने पिंपात राहून आलेल्या असतात, तेव्हा मागचं लेबल वाचा. आकड्यापुढे ‘मेसेस’ लिहिलं असेल तर बहुधा ते पिंपातले महिने असतात.

वाचताना दोन गोष्टी लक्षात असू द्या. स्पॅनिशमध्ये ‘जे’ अक्षराचा उच्चार घशातून काढलेल्या ‘ह’सारखा होतो आणि दोन ‘एल’ शेजारी आले की बहुतेक ठिकाणी ‘य’ ऐकू येतो. म्हणून रिओहा, हुमिया, तेम्प्रानियो. दुकानदाराला ‘रिओजा’ म्हटल्याशिवाय कळत नसेल तर बिनधास्त तसं म्हणा, वाद घालत बसू नका.

नावांचे चकवे

आमच्या गटातल्या एकाने तुलनेसाठी मोठ्या हौसेने तीन ‘वेगवेगळी’ द्राक्षं आणली होती : तिंतो फिनो, सेन्सिबेल आणि तिंता दे तोरो. तिन्ही तेम्प्रानियोच निघाली. या द्राक्षाला रिबेरा देल दुएरोत तिंतो फिनो किंवा तिंता देल पाइस म्हणतात, तोरोत तिंता दे तोरो, ला मांचा आणि वाल्देपेन्यासमध्ये सेन्सिबेल, तर कातालोनियात त्याचं नाव ‘सशाचा डोळा’ या अर्थाचं आहे : उय दे येब्रे. शिवाय सीमेपलीकडे पोर्तुगालमध्ये तिंता रोरिझ आणि आरागोनेझ ही आणखी दोन.

दुसरा चकवा ‘कारिन्येना’. हे गावाचं नाव आहे, त्या भोवतालच्या वाईन प्रदेशाचं आहे आणि एका द्राक्षाचंही आहे. गंमत म्हणजे कारिन्येना प्रदेशात मुख्य लाल द्राक्ष गार्नाचा आहे. कारिन्येना नावाचं द्राक्ष रिओहात मासुएलो या नावाने भेटतं आणि कातालोनियात साम्सो या नावानेही.

तिसरा चकवा ‘गार्नाचा तिंतोरेरा’. नावात गार्नाचा असली तरी हे वेगळं द्राक्ष आहे. स्पेनबाहेर ते आलिकांत बुशे म्हणून ओळखलं जातं. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर फिका असतो आणि वाईनला रंग सालीतून येतो. याचा गरच लाल असतो. यादीतल्या दुसऱ्या क्रमांकासाठी ही बाटली घेतलीत तर सगळा क्रम बिघडेल.

युरोपीय महासंघाच्या नियमानुसार लेबलवर एकाच द्राक्षाचं नाव असेल तर त्या द्राक्षाचा वाटा किमान ८५ टक्के असावा लागतो. उरलेल्या १५ टक्क्यांत दुसरं काहीही असू शकतं. नुसतं ‘रिओहा’ लिहिलेली बाटली तर बरेचदा मिश्रणच असते : तेम्प्रानियो मुख्य, अंग (तोंडात जाणवणारा भरीवपणा) यायला गार्नाचा, आंबटपणासाठी मासुएलो, वासासाठी ग्रासियानो.

सगळ्या सहा बाटल्या भारतात एका दुकानात मिळणं अवघड आहे, बोबाल आणि मेन्सिया तर विशेष. तीनच मिळाल्या तर तरुण तेम्प्रानियो, गार्नाचा आणि मोनास्त्रेल घ्या. या तिघांत जेवढा फरक आहे तेवढा शिकायला पुरेसा आहे. युरोपात राहणाऱ्यांना सहाही सहज मिळतील. नाशिककडेही तेम्प्रानियोची लागवड झालेली आहे. ती बाटली मिळाली तर सातवा ग्लास म्हणून शेवटी ठेवा, तिसऱ्याच्या जागी नको. माती आणि ऊन बदललं की तेच द्राक्ष वेगळं बोलतं.

तपासा : पहिल्या पाच बाटल्यांपैकी किती जणी पिंपात राहून आल्या आहेत? एकीपेक्षा जास्त असतील तर बदलून घ्या. आणि महाराष्ट्रात असाल तर परवान्याचं आणि वयाचं आधी बघून ठेवा.

टप्पा २ : तापमान

‘लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे वाक्य थंड देशांतल्या दगडी घरांतून आलं आहे. नागपूरच्या किंवा सोलापूरच्या खोलीशी त्याचा काहीही संबंध नाही. तिशीच्या तापमानाला गार्नाचामधला अल्कोहोल वाफेसारखा नाकात घुसतो, फळाचा वास मागे पडतो आणि वाईन सैल, गोडसर लागते. उलट फ्रीजमधून थेट काढलेल्या मोनास्त्रेलचा वास मुका होतो आणि तुरटपणा दुप्पट टोचतो.

मेन्सिया आणि गार्नाचा १३ ते १५ अंशांवर, तरुण तेम्प्रानियो आणि बोबाल १४ ते १६ अंशांवर, मोनास्त्रेल आणि क्रियान्सा-रेसेर्वा १६ ते १८ अंशांवर द्यावी. (सगळे अंश सेल्सिअस.)

तिशीच्या खोलीतली बाटली या पट्ट्यात आणायला फ्रीजमध्ये साधारण दीड ते दोन तास लागतात. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला आणि बाटली मानेपर्यंत बुडवून दहा-बारा मिनिटं ठेवा. नुसत्या बर्फात ती इतक्या लवकर गार होत नाही, कारण खड्यांमध्ये हवा राहते आणि काचेला बर्फ पुरेसा टेकत नाही. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर ओतलेल्या ग्लासात बुडवून बघा. अंदाजावर जाऊ नका, मी दहा वर्षं अंदाजावर गेलो आणि बहुतेक वेळा तीन-चार अंशांनी चुकलो.

सावधान : फ्रीझरमध्ये ठेवून विसरणं ही नेहमीची चूक आहे. वाईन गोठली की कॉर्क बाहेर ढकलला जातो, कधी काच तडकते.

आणखी एक. ग्लासात ओतल्यावर उकाड्यात वाईन भराभर तापते. म्हणून ठरलेल्या तापमानापेक्षा दोन अंश थंडच ओता. बाकीचं काम खोली करेल.

टप्पा ३ : खोली, ग्लास आणि जीभ

उदबत्ती नको. अत्तर, डिओ नको. स्वयंपाकघरात फोडणी तर अजिबात नको, मोहरी-हिंग-कढीपत्त्यापुढे कोणतीही मेन्सिया टिकणार नाही. जेवण आधी झालेलं असेल तर निदान तासभर जाऊ द्या आणि पान-सुपारी, बडीशेप बंद ठेवा.

ग्लास सगळे एकसारखे, खाली फुगीर आणि वर निमुळते. वेगवेगळ्या आकारांत वाईन वेगळी वाटते आणि मग तुलना द्राक्षांची राहत नाही. महागडे लागत नाहीत. मात्र वापरण्याआधी हुंगून बघा, बंद कपाटातल्या ग्लासांना लाकडाचा आणि फडक्याचा वास लागलेला असतो. गरम पाण्याने, साबणाशिवाय, खळबळून घ्या.

प्रत्येकाला एका वाईनचे ५० मिलीलीटर पुरे. ७५० मिलीलीटरच्या बाटलीत असे १५ भाग होतात, म्हणजे सहा जणांत अर्ध्याहून जास्त बाटली उरते. सहा वाईन प्रत्येकी ५० मिलीलीटर पूर्ण प्यायलात तर ३०० मिलीलीटर होतात, आणि सरासरी १४ टक्क्यांनी त्यात ३३ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असतो. चौथ्या ग्लासनंतरच्या नोंदी त्यामुळे बहुधा निरुपयोगी निघतात. म्हणून प्रत्येकाजवळ एक पिकदाणी ठेवा. स्टीलचा उंच डबा चालतो. घोट तोंडात फिरवून थुंकायचा. पहिल्यांदा सगळे लाजतात, तिसऱ्या ग्लासापर्यंत सवय होते. आणि थुंकलं तरी थोडं पोटात जातंच, तेव्हा गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवावी.

आता दहा मिनिटांचा सराव. हा टाळला जातो, आणि मग ‘तुरट’ला ‘कडू’ आणि ‘आंबट’ला ‘स्ट्राँग’ म्हटलं जातं. दोन कप तयार ठेवा :

पहिल्या कपात पाच मिनिटं उकळलेला कोरा चहा, साखर-दुधाशिवाय, कोमट. घोट घेऊन हिरड्यांवरून जीभ फिरवा. जो कोरडा, खरखरीत ओढा जाणवतो तो तुरटपणा, म्हणजे टॅनिन. कच्च्या केळ्याचा, सुपारीचा तोच गुण.

दुसऱ्या कपात साखर न घातलेलं लिंबाचं पाणी. घोटानंतर गालांच्या आत, जिभेच्या कडांना पाणी सुटतं. तो आंबटपणा. किती पाणी सुटलं हेच त्याचं माप.

तुरटपणा तोंड कोरडं करतो, आंबटपणा ओलं. एवढा भेद पक्का झाला की अर्धी वाट संपली. अल्कोहोलची ऊब घशात आणि छातीशी कळते, तिच्यासाठी वेगळा कप नको.

टप्पा ४ : उघडणे आणि तपासणे

मोनास्त्रेल सगळ्यांत आधी उघडा, चाखायच्या तासभर आधी, आणि रुंद भांड्यात ओतून ठेवा. हे द्राक्ष हवेविना गुदमरतं : नव्या बाटलीला उकडलेल्या अंड्यासारखा, रबरासारखा वास येऊ शकतो. तो दोष समजून बाटली परत करायला निघालेले लोक मला माहीत आहेत. हवा लागली की वास निघून जातो.

गार्नाचाचं उलटं. हवेने ती लवकर थकते, म्हणून ओतायच्या वेळीच उघडा. बाकीच्या तरुण वाईन वीस मिनिटं आधी उघडल्या तरी चालतात. रेसेर्वा जुनी असेल तर आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाला बसेल. ओतताना शेवटची दोन बोटं वाईन बाटलीतच सोडून द्या.

उघडलेली प्रत्येक बाटली आधी एकट्याने हुंगा. पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा, ओल आलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याचा वास आला तर कॉर्क दूषित आहे. थांबून तो जात नाही, उलट वाढतो. अशी बाटली बाजूला ठेवा.

तपासा : अंड्याचा किंवा रबराचा वास दहा-पंधरा मिनिटं ग्लास फिरवून कमी झाला का? झाला तर वाईन ठीक आहे. पुठ्ठ्याचा वास तसाच राहिला का? मग ती ठीक नाही.

टप्पा ५ : क्रम

यादीतला १ ते ६ हाच चाखण्याचाही क्रम आहे : हलक्याकडून जडाकडे आणि पिंप शेवटी. एकदा पाहुण्यांच्या आग्रहाखातर मी मोनास्त्रेल आधी दिली आणि नंतर मेन्सिया. सगळ्यांनी एकमुखाने मेन्सियाला ‘पाणी’ म्हटलं. वाईन उत्तम होती. आदल्या ग्लासाचा तुरटपणा जिभेवरून उतरला नव्हता.

दोन ग्लासांच्या मध्ये साधं पाणी आणि बिनमिठाचा पाव किंवा कोरडा फुलका. चीज अजून नको, ते टप्पा ९ मध्ये येईल.

टप्पा ६ : एक ग्लास कसा चाखायचा

१. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून कडेचा रंग बघा. जांभळी कड म्हणजे तरुण, विटकरी म्हणजे वयस्क.
२. न हलवता हुंगा. सगळ्यात नाजूक वास इथेच मिळतो.
३. ग्लास फिरवून पुन्हा हुंगा.
४. छोटा घोट घ्या, दहा सेकंद तोंडभर फिरवा, थुंका.
५. हिरड्या किती कोरड्या? गालांत पाणी किती? घशात ऊब किती?
६. चव किती सेकंद राहिली ते मोजा.
७. बोलण्याआधी लिहा.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. एकाने मोठ्याने ‘चेरी’ म्हटलं की सहाही जणांना चेरीच लागते. आणि ज्याने कधी ताजी ब्लॅकबेरी खाल्लेली नाही त्याने ‘ब्लॅकबेरी’ लिहू नये. करवंद, जांभूळ, तुती, डाळिंब, ज्येष्ठमध, सुंठ, जे तुमच्या जिभेला ठाऊक आहे ते लिहा. सहा महिन्यांनी वही उघडल्यावर तेच उपयोगी पडतं.

टप्पा ७ : द्राक्षं एकेक करून

मेन्सिया. रंग चकचकीत जांभळट. वासात तुती, डाळिंबाचे दाणे, फुलांचा सुगंध आणि मागे हिरव्या देठाची छटा. पुष्कळ वाईनमध्ये ओल्या पाटीचा वास असतो, लहानपणी पाटी फडक्याने पुसल्यावर यायचा तसा. तुरटपणा बेताचा, आंबटपणा ताजा. चूक : हलकी आहे म्हणून घाईने पुढे जाणं. हिचं जे काही आहे ते नाकात आहे, तिथे थांबा.

गार्नाचा. साल पातळ, म्हणून रंग आणि तुरटपणा दोन्ही कमी, पण उन्हात साखर भरपूर धरते म्हणून अल्कोहोल १४ ते १५ टक्क्यांपर्यंत सहज जातो. स्ट्रॉबेरीचा मुरांबा, संत्र्याची साल, पांढरी मिरी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘ही गोड वाईन आहे’ असं ठरवणं. गोडवा साखरेचा नसतो. पिकलेल्या फळाचा वास आणि जास्तीचा अल्कोहोल मिळून जिभेला गोडाचा भास देतात. खात्री करायची तर थुंकल्यावर ओठ चाटून बघा, चिकट लागत नाहीत.

गार्नाचाला दोन चेहरे आहेत हेही माहीत असावं. आरागोनमधली भरदार, उबदार. माद्रिदच्या पश्चिमेला ग्रेदोसच्या उंच डोंगरांत, ग्रॅनाइटच्या वाळूवरची मात्र फिकी, सुगंधी, जवळजवळ नाजूक. तिसरं ठिकाण प्रिओरात, जिथे ‘यिकोरेया’ नावाच्या काळसर पाटीच्या दगडावर ती बहुधा कारिन्येनाच्या जोडीने वाढते आणि वाईन दाट, जड होते. पहिल्या बैठकीसाठी आरागोनचीच घ्या, प्रिओरात महाग आहे आणि बहुतेक वेळा पिंपातून आलेली असते.

तेम्प्रानियो. नाव ‘लवकर’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून. हे द्राक्ष इतरांच्या आधी पिकतं. रिओहाच्या लाल द्राक्षांत याचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे, आणि तरी त्याची चव सांगायला लोक अडखळतात, कारण ते कशातच टोकाला जात नाही. आंबटपणा मध्यम, तुरटपणा मध्यम, अंग मध्यम. लाल चेरी, आलुबुखार, थोडी माती, सुक्या तंबाखूच्या पानाची छटा. अशा मवाळ स्वभावामुळेच ते पिंपाचा रंग चटकन पकडतं. रेसेर्वापासून सुरुवात करू नका म्हणतो ते यासाठी.

तरुण रिओहातही एक फसगत असते. रिओहा आलावेसा भागात घड न चुरडता आख्खे आंबवायची जुनी पद्धत आहे. त्या वाईनला पिकल्या केळ्याचा, बबलगमचा वास येतो. तो पद्धतीचा वास आहे, द्राक्षाचा नव्हे. तुमच्या ग्लासात केळं ठळक असेल तर नोंदीत तसं लिहा आणि शक्य झालं तर ला मांचाची दुसरी बाटली उघडून ताडून बघा.

जागेनुसार हे द्राक्ष किती बदलतं हा स्वतंत्र बैठकीचा विषय आहे. रिओहाच्या उत्तरेला डोंगरांची भिंत असल्याने अटलांटिकचा गारवा गाळून येतो, वाईन मऊ राहते. रिबेरा देल दुएरो उंच पठारावर, दिवस कडक आणि रात्री थंडगार. तिथे रंग गडद आणि तुरटपणा घट्ट. तोरोत साल आणखी जाड, अल्कोहोल आणखी चढा.

बोबाल. गडद रंग, भरपूर आंबटपणा आणि त्यात रांगडा तुरटपणा. जांभूळ खाल्ल्यावर तोंड जसं एकाच वेळी ओलं आणि कोरडं होतं, अगदी तसं. मागे कडू कोको. एकाच घडातले मणी मागेपुढे पिकतात, त्यामुळे स्वस्त बाटलीत हिरवट कडवटपणा डोकावतो. आवडली नाही तर आणखी एक वेगळी बोबाल चाखल्याशिवाय द्राक्षावर ठपका ठेवू नका.

मोनास्त्रेल. फ्रान्समध्ये हेच मूर्वेद्र. जाड साल, उशिरा पिकणारं, ऊन मागणारं. हुमियाच्या कोरड्या पठारावर ते मिळतं. करवंद, सुकं अंजीर, ज्येष्ठमध, काळी मिरी, रानटी झुडपांचा उग्र वास आणि काहीतरी मांसल. हिरड्या चांगल्याच कोरड्या पडतात आणि घशात ऊबही येते. गार्नाचाशी गोंधळ झाला तर हिरड्यांना विचारा : दोन्हींत अल्कोहोल चढा, पण तुरटपणा मोनास्त्रेलमध्येच. लेबलवर ‘पिए फ्रांको’ दिसलं तर वेल दुसऱ्या मुळावर कलम न केलेली, स्वतःच्या मुळावर वाढलेली आहे.

ग्रासियानो आणि मासुएलो बहुधा मिश्रणात थोड्या प्रमाणात येतात, सुरुवातीला त्यांच्या मागे लागू नका. कातालोनियातलं फिकं त्रेपात आणि कानारी बेटांतलं मिरीसारखं, धुरकट लिस्तान नेग्रो पुढच्या फेरीसाठी.

टप्पा ८ : आता लाकूड

तिसरा आणि सहावा ग्लास शेजारी ठेवा. द्राक्ष एकच, प्रदेशही एकच घेतला असेल तर उत्तम. सहाव्यात जे आहे आणि तिसऱ्यात नाही, ते पिंपाचं किंवा काळाचं. वजाबाकी करून लिहा.

व्हॅनिला, ओलं खोबरं आणि चक्क शेपू : हे अमेरिकन ओकचे वास, रिओहाच्या परंपरेतले. शेपूचं मी पहिल्यांदा बोललो तेव्हा सगळे हसले होते, पुढच्या वेळी एकीने शेपूची जुडीच आणून ग्लासाशेजारी ठेवली आणि हसणं थांबलं. लवंग, दालचिनी, भाजल्याचा वास असेल तर फ्रेंच ओकची शक्यता जास्त. चामडं, तंबाखू, खारीक, विटकरी कड हे मुख्यतः काळाचं देणं.

शब्दांचा अर्थ रिओहाच्या लाल वाईनपुरता असा : क्रियान्सा दोन वर्षांची, त्यात किमान एक वर्ष पिंपात. रेसेर्वा तीन वर्षांची, त्यातही किमान एक पिंपात. ग्रान रेसेर्वा पाच वर्षांची, किमान दोन पिंपात. पिंप २२५ लीटरचं. स्पेनच्या सर्वसाधारण नियमात क्रियान्साला सहाच महिने पिंप पुरतं, म्हणून प्रदेश न बघता शब्दांची तुलना करू नका. रिओहाच्या मागच्या लेबलवरच्या पट्टीचा रंगही सांगतो : साधी हिरवी, क्रियान्सा लाल, रेसेर्वा गडद किरमिजी, ग्रान रेसेर्वा निळी.

सावधान : हे शब्द प्रामुख्याने वय सांगतात. ग्रान रेसेर्वाचा रंग फिका दिसला म्हणून ‘पाणी घातलंय’ म्हणू नका, वयाबरोबर रंग उतरतो. आणि महाग आहे म्हणून ती जास्त ‘तेम्प्रानियो’ असते असंही नाही. द्राक्ष स्पष्ट ऐकायचं तर तिसरा ग्लासच बरा.

तपासा : तीन ग्लास घ्या, दोघांत एकच वाईन, तिसऱ्यात दुसरी. कुणीतरी पाठमोरं होऊन ओतावं. वेगळा ग्लास कोणता ते सांगा. गार्नाचा-मोनास्त्रेल ही जोडी बहुतेकांना जमते, तेम्प्रानियो-बोबालवर बरेच अडतात. अडलात तर टप्पा ३ मधला चहा आणि लिंबूपाणी पुन्हा घ्या.

टप्पा ९ : खाणं, पण आता

नोंदी झाल्या, आता ताट मांडा. तिखटाने अल्कोहोलची जळजळ आणि तुरटपणा दोन्ही भडकतात, म्हणून ठेचा आणि झणझणीत रस्सा मोनास्त्रेलसोबत नको. तिखट हवंच असेल तर त्यातल्या त्यात मेन्सिया, जरा जास्त थंड करून. मीठ आणि चरबी तुरटपणा मऊ करतात : मांचेगो चीजचा तुकडा खाऊन बोबालचा घोट घ्या, ती दुसरीच वाईन वाटेल. रिओहात सुकलेल्या द्राक्षवेलींच्या काड्यांवर भाजलेल्या कोकराच्या बरगड्या तेम्प्रानियोसोबत खातात, मसाला जवळजवळ नाहीच. घरी करायचं तर मीठ, लसूण, मिरी लावून भाजलेलं मटण पुरे. शाकाहाऱ्यांना भाजलेलं वांगं, मशरूम, मिरची न घातलेली डाळ.

टप्पा १० : उरलेल्या बाटल्या

अर्ध्याहून जास्त वाईन उरणार आहे. कॉर्क लगेच लावा आणि सगळ्या बाटल्या, लाल असल्या तरी, फ्रीजमध्ये उभ्या ठेवा. गार्नाचा दुसऱ्याच दिवशी संपवा. मेन्सिया आणि तरुण तेम्प्रानियो दोन दिवस, बोबाल तीन. मोनास्त्रेल तीन-चार दिवस टिकते आणि दुसऱ्या दिवशी बहुधा आदल्या रात्रीपेक्षा बरी लागते, तेव्हा तिच्या नोंदीसाठी वहीत अर्धं पान मोकळं सोडा. प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा किंवा सिरक्यासारखा वास आला की मग ती प्यायची नाही, मटण मुरवायलाही वापरायची नाही.